वॉर्डाचा एक पासवर्ड आणि नोंदीखालचे नाव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राज्यातील शासकीय, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांत कागदी केसपेपरची जागा हळूहळू संगणकावरील नोंदी घेत आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. तेव्हापासून रुग्णाचा चौदा अंकी ‘आभा’ (आरोग्य खाते) क्रमांक, नोंदणीच्या रांगा आणि संगणकांची खरेदी यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. परंतु डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांनी या प्रणालीत प्रवेश कसा करायचा, कोणाचे खाते कोणी व केव्हा उघडायचे आणि ते केव्हा बंद करायचे, या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहत नाही. तो किरकोळ तांत्रिक तपशील समजून पुरवठादाराच्या अभियंत्यावर सोडला जातो आणि प्रणाली सुरू करण्याच्या घाईत लॉगिनची मांडणी कंपनीकडून आली तशीच कायम राहते. मी शुश्रूषा सेवेत आयुष्य घालवले असून सेवेच्या अखेरच्या काळात अशी प्रणाली बसवण्याच्या कामात परिचारिकांची प्रतिनिधी म्हणून सहभागी होते. त्या अनुभवावरून मला ठामपणे सांगावेसे वाटते की, वॉर्डात सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरण्याची पद्धत मुख्यतः सदोष मांडणीतून जन्माला येते, आणि ती मोडायची असेल तर परिपत्रके काढून भागणार नाही.

ही पद्धत किती रुळलेली आहे हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पहाटे पाळीवर आलेली सिस्टर लॉगिन करते आणि तेच खाते दुपारपर्यंत उघडे राहते. त्यावरच निवासी डॉक्टर औषधे लिहितात, आंतरवासी डॉक्टर (इंटर्न) तपासण्यांच्या मागण्या टाकतात आणि परिचारिका सलाईनच्या नोंदी करतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो किंवा ड्यूटी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. इस्रायलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वैद्यकीय क्षेत्रातील २९९ जणांना विचारले असता ७३ टक्क्यांहून अधिक लोकांनी दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याचे सांगितले, आणि त्यांतील निवासी डॉक्टरांपैकी तर एकही अपवाद निघाला नाही.

याला बेशिस्त म्हणण्यापूर्वी कारणे पाहिली पाहिजेत. निवासी डॉक्टरांची नवी तुकडी रुजू होते त्या दिवसापासून कामाला लागते, पण त्यांची खाती तयार व्हायला कित्येकदा आठवडे लागतात. आंतरवासी डॉक्टर ठरावीक मुदतीने विभाग बदलतात. त्यांना खाते मिळालेच तर ते पहिल्या विभागापुरते असते आणि पुढच्या विभागात गेल्यावर त्यांना रुग्णच दिसत नाहीत. बदली पाळीवर दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या परिचारिकेला त्या वॉर्डाचे अधिकार नसतात. पूर्ण भरलेल्या वॉर्डाला एक संगणक, तोही संथ, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडून पुन्हा आत शिरायला मिनिटभर लागत असेल, तर इंजेक्शनची वेळ झालेली असताना कोणती सिस्टर ते करत बसेल? जिथे नियम पाळल्याने रुग्णाला उशीर होतो तिथे चांगला कर्मचारी नियम बाजूला ठेवतो, आणि माझ्या दृष्टीने तो योग्यच करतो. दोष त्या मांडणीचा आहे, जिने त्याला या पेचात टाकले.

यात हरवते ते नोंदीखालचे नाव. वॉर्डात मॉर्फिनसारख्या औषधांच्या कपाटाची किल्ली पाळी बदलताना मोजदाद करून, रजिस्टरमध्ये सही घेऊनच पुढच्या सिस्टरच्या हाती दिली जाते. त्याच औषधाची मात्रा ज्या नोंदीत लिहिली जाते तिची किल्ली मात्र सर्वांसाठी उघडी असते. रात्री तीन वाजता चुकीची मात्रा दिली गेली आणि संगणकात मात्र दुपारीच घरी गेलेल्या परिचारिकेचे नाव निघाले, तर चौकशी समितीपुढे तिने आपला निर्दोषपणा कसा सिद्ध करायचा? स्वतंत्र लॉगिनचा आग्रह म्हणजे आपल्यावर पाळत ठेवण्याचा प्रकार आहे, असे आमच्या सहकारी भगिनींपैकी पुष्कळ जणींना वाटत असे. त्यांची भीती मी समजू शकते, पण प्रत्यक्षात स्वतःच्या नावाची नोंद हेच कनिष्ठ कर्मचाऱ्याचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे.

रुग्णाच्या बाजूने या प्रश्नाचे गांभीर्य फिनलंडमधील एका प्रकरणातून फार स्पष्ट होते. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करणारी एक परिचारिका त्याच रुग्णालयाच्या संसर्गजन्य रोग विभागात १९८७ पासून स्वतः उपचार घेत होती, कारण तिला एचआयव्हीची लागण झालेली होती. त्या काळी कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या नोंदी पाहण्याची सर्रास मुभा होती. १९९२ च्या सुमारास आपल्या आजाराची माहिती सहकाऱ्यांना कळली असावी असा तिला संशय येऊ लागला, पुढे तिचा नोकरीचा करारही वाढवला गेला नाही, आणि आपली नोंद कोणी उघडली होती ते सांगावे अशी मागणी तिने केली. रुग्णालयाला ते सांगता आले नाही. प्रणालीत फक्त शेवटच्या पाच वेळांची माहिती राहत असे, तीही कोणत्या विभागातून नोंद उघडली एवढीच, व्यक्तीचे नाव नाही; शिवाय कागदपत्रे अभिलेखागारात परत गेली की तेवढेही पुसले जाई. फिनलंडच्या न्यायालयांनी पुरावा नाही म्हणून तिचा दावा फेटाळला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १७ जुलै २००८ रोजी निकाल तिच्या बाजूने दिला. नोंदी कोणी पाहिल्या हे सांगण्याची सोयच रुग्णालयाने ठेवली नसताना पुराव्याचा भार तिच्यावर टाकणे अन्यायाचे आहे, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्या कित्येक रुग्णालयांत आज ‘वॉर्ड ५’ किंवा ‘ओपीडी २’ अशा नावांची खाती चालतात. नेमक्या याच रचनेला त्या न्यायालयाने अपुरे ठरवले होते.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. एचआयव्हीबाधितांच्या माहितीची गोपनीयता राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहिती मानले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींविषयीची मानकेही २०१३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारून निघाली. एवढे सगळे कागदावर असताना वॉर्डात चिकटवलेली ती पासवर्डची चिठ्ठी निघत नाही, याचा अर्थ दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी करायला हवी.

ती कशी करता येते याचे एक जुने आणि विचारपूर्वक केलेले उदाहरण अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दशकानुदशके वापरात असलेल्या ‘व्हिस्टा’ या प्रणालीत आहे. ही प्रणाली आता तिथे टप्प्याटप्प्याने बदलली जात आहे, पण तिच्या लॉगिनमागचा विचार आजही शिकण्याजोगा आहे. प्रत्येक व्यक्तीला स्वतःचे दोन गुप्त संकेत असतात, एक ओळखीचा आणि एक पडताळणीचा. त्यांनी फक्त दार उघडते. आत गेल्यावर काय करता येईल हे त्या व्यक्तीच्या खात्याला जोडलेल्या ‘किल्ल्यां’वर ठरते, म्हणजे आदेश लिहून सही करण्याचा अधिकार डॉक्टरला, तो आदेश पुढे पाठवण्याचा अधिकार परिचारिकेला, असे. आणि औषधाच्या आदेशावर किंवा टिपणावर सही करताना एक तिसरा, वेगळा स्वाक्षरी संकेत टाकावा लागतो. हे तिसरे पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. धांदलीत कोणाचे खाते उघडे राहिले तरी दुसऱ्याला त्याच्या नावाने सही करता येत नाही, म्हणजे सर्वांत जोखमीची नोंद तरी खऱ्या नावाशी बांधलेली राहते. शिकाऊ डॉक्टरने लिहिलेले टिपण वरिष्ठाची प्रतिस्वाक्षरी होईपर्यंत अपूर्ण म्हणून दिसत राहण्याची सोयही तिथे आहे. आपले आंतरवासी डॉक्टर आज वरिष्ठांच्या पासवर्डने लिहितात. त्यांना स्वतःचे, पण प्रतिस्वाक्षरीची अट असलेले खाते दिले तर त्या उसन्या पासवर्डची गरजच संपते.

त्याच प्रणालीत काम न करता किती सेकंद गेल्यावर खाते आपोआप बंद व्हावे, हे संपूर्ण रुग्णालयासाठी, एखाद्या यंत्रासाठी किंवा एखाद्या व्यक्तीसाठी वेगवेगळे ठरवता येते. आमच्याकडे या एका आकड्यावरून सर्वाधिक वाद झाले. बाह्यरुग्ण विभागातील खिडकीजवळच्या संगणकासमोर दिवसभर लोकांची वर्दळ असते, तिथे वेळ थोडा हवा. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाचे हात अडकलेले असताना पडदा मिटला तर ते धोक्याचे असते, तिथे वेळ जास्त हवा. त्या खोलीत येणारे लोक मोजके व ओळखीचे असतात. सगळीकडे एकच वेळ ठेवण्याचा सोपा मार्ग निवडला की अपघात विभागातील लोक माऊस हलवत राहण्याच्या युक्त्या शोधतात आणि सुरक्षेचा हेतू बुडतो. शक्य असेल तिथे ओळखपत्र यंत्राला टेकवून क्षणात आपले खाते उघडण्याची आणि पुन्हा टेकवून बंद करण्याची सोय करावी. कर्मचाऱ्याचे अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या संगणकावर तसेच्या तसे पुढे उघडले, तर स्वतःचे लॉगिन वापरणे हाच सर्वांत जवळचा रस्ता ठरतो.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याच्या सक्तीविषयीही लिहिले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेने २०१७ मध्येच स्पष्ट केले की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, तो उघड झाल्याची शंका असेल तेव्हाच बदलावा, आणि चिन्हांच्या गुंतागुंतीपेक्षा लांबीवर भर द्यावा. सक्तीच्या बदलाने माणसे महिन्याचे नाव आणि साल जोडून पासवर्ड बनवतात आणि तरीही विसरतात. मराठीतील चार-पाच साध्या शब्दांचे ओळखीचे पण स्वतःपुरते वाक्य रोमन अक्षरांत लिहिले तर ते लक्षातही राहते आणि लांबही होते; मात्र इतकी लांबी प्रणालीने स्वीकारली पाहिजे, आणि कित्येक ठिकाणी ती स्वीकारली जात नाही. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा पर्याय कार्यालयात बसणाऱ्याला सोपा वाटतो. परंतु क्ष-किरण विभाग पुष्कळदा तळघरात असतो आणि तिथे नेटवर्क नसते, अतिदक्षता विभागात फोन बाजूला ठेवलेला असतो, आणि शासकीय कामासाठी स्वतःचा फोन वापरण्याची सक्ती परिचारिकांवर का करावी हाही प्रश्न आहे. बोटाच्या ठशाचेही तसेच. हातमोजे आणि दिवसातून असंख्य वेळा धुतलेले, सॅनिटायझरने कोरडे पडलेले हात यांमुळे यंत्र ठसा नाकारते. रुग्णालयाबाहेरून प्रणालीत येणाऱ्यांसाठी आणि प्रशासकांसाठी मात्र पासवर्डच्या जोडीला असा दुसरा पुरावा अनिवार्यच असावा.

चुकीचा पासवर्ड काही वेळा टाकल्यावर खाते कुलूपबंद होते, हे आवश्यक आहे. पण ते कुलूप रात्री दोन वाजता उघडणार कोण, याचे उत्तर प्रणाली सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. संगणक विभाग पाच वाजता बंद होत असेल तर रात्रपाळीच्या परिसेविकेला (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला) किंवा निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला ते मर्यादित अधिकार द्यावेत. याहून नाजूक प्रश्न आणीबाणीतील प्रवेशाचा आहे. बेशुद्ध रुग्ण आला, त्याची जुनी नोंद दुसऱ्या विभागाची आहे आणि ड्यूटीवरील डॉक्टरला तिचा अधिकार नाही, अशा वेळी प्रणालीने दार लावून घेता कामा नये. रुग्णांच्या माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या अमेरिकेतील ‘हिपा’ नियमांत प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख आणि आणीबाणीतील प्रवेशाची पद्धत या दोन्ही गोष्टी सक्तीच्या मानल्या आहेत, आणि त्या शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत हे मला सूचक वाटते. डॉक्टरने कारण एका ओळीत लिहावे, नोंद लगेच उघडावी, आणि दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधीक्षकांनी अशा प्रत्येक प्रवेशाची कारणे पाहून सही करावी. कारणांची ही तपासणी झाली नाही तर महिन्याभरात सगळेच त्या दाराने ये-जा करू लागतील.

आता खाती बंद करण्याविषयी. पोर्तुगालमधील बारेरो येथील सार्वजनिक रुग्णालयाला २०१८ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने चार लाख युरो दंड केला. तपासणीत डॉक्टर म्हणून ९८५ खाती चालू आढळली होती आणि प्रत्यक्ष डॉक्टर होते २९६. आपल्या रुग्णालयांत ही तुलना करून पाहण्याचे धाडस कोणी करावे अशी माझी विनंती आहे. निवासी डॉक्टर अभ्यासक्रम संपवून जातात, कंत्राटी कर्मचाऱ्यांची मुदत संपते, बदल्या होतात, आणि खाती तशीच राहतात. यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. रुजू अहवाल आस्थापना शाखेत आला की त्याच दिवशी खाते उघडावे, आणि कार्यमुक्तीच्या वेळी ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत सह्या घेत फिरवल्या जाणाऱ्या ना देय प्रमाणपत्रावर संगणक विभागाच्या सहीचा एक रकाना वाढवावा. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या खात्यावर कराराची अखेरची तारीख सुरुवातीलाच टाकावी.

प्रशासकांची आणि पुरवठादाराच्या अभियंत्यांची खाती यांहून घातक असतात. सिंगापूरच्या सिंगहेल्थ या सार्वजनिक आरोग्यसमूहातून २०१८ मध्ये सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यांत तिथल्या पंतप्रधानांच्या औषधांचीही माहिती होती. चौकशी समितीच्या अहवालात एका प्रशासकीय खात्याचा पासवर्ड ‘पासवर्ड’ याच इंग्रजी शब्दात दोन-तीन चिन्हांचा बदल करून ठेवलेला होता, असे नमूद आहे. कंपनीने बसवताना दिलेला मूळ पासवर्ड बदललेला आहे का, हा प्रश्न आपल्या प्रत्येक रुग्णालयाने लेखी विचारला पाहिजे. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यानंतर नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे बरेच दिवस कागदावर करावी लागली. त्यामागे नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याचे कारण संसदेत सांगण्यात आले होते. लॉगिन कितीही नेटके केले तरी तेवढ्याने भागत नाही, हेही त्यातून ध्यानात घ्यावे.

कोणी, केव्हा, कोणती नोंद पाहिली याची यादी प्रणाली ठेवतेच, पण ती वाचणारा माणूस नेमलेला नसतो. नेदरलँड्समधील हागा रुग्णालयात एका प्रसिद्ध व्यक्तीची नोंद कित्येक कर्मचाऱ्यांनी विनाकारण उघडली होती. तिथे नोंदींची तपासणी नियमित होत नव्हती आणि प्रवेशासाठी दुसरा पुरावा घेतला जात नव्हता, म्हणून २०१९ मध्ये त्या रुग्णालयाला ४ लाख ६० हजार युरो दंड झाला. पुढे न्यायालयाने ही रक्कम कमी केली, दोष मात्र कायम ठेवला. आपल्याकडे सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा याद्या १८० दिवस जपणे आणि संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. घड्याळाची अट वाचताना क्षुल्लक वाटते, पण वॉर्डाच्या आणि औषधालयाच्या संगणकात दहा मिनिटांचा फरक असेल तर औषध आधी दिले की आदेश आधी निघाला हेच ठरत नाही. एस्टोनियात तर रुग्णाला स्वतःची नोंद कोणी उघडली हे घरबसल्या पाहता येते. आपल्याकडे निदान अर्ज केल्यावर ती माहिती मिळावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

या सर्वांसाठी लागणारा पैसा संगणकांच्या खरेदीच्या मानाने थोडा आहे, वेळ आणि लक्ष मात्र जास्त लागते. निविदेच्या अटींत लॉगिनची मांडणी स्वतंत्रपणे लिहिली जावी आणि अंतिम देयक देण्यापूर्वी तिची चाचणी चालू वॉर्डात, रात्रपाळीत, प्रत्यक्ष परिचारिकांच्या हातून घेतली जावी. ओळखपत्र टेकवल्यापासून रुग्णाचा औषधतक्ता दिसेपर्यंत किती सेकंद लागतात हे घड्याळ लावून मोजावे, आणि ती मर्यादा करारात असावी. मांडणी ठरवणाऱ्या समितीत किमान एक परिसेविका, एक निवासी डॉक्टर आणि एक औषधनिर्माता असावा. वैद्यकीय शिक्षण व सार्वजनिक आरोग्य विभागांनी आणि महापालिकांनी निवासी डॉक्टरांची पुढची तुकडी रुजू होण्याआधी एवढे जरी केले, तर त्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या नावाने औषध लिहायला शिकावे लागणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिसेविका, सातारा